भार, रेटा आणि उचल : बुलढाणा जिल्ह्यातील जलाशयांच्या निमित्ताने

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे जे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात, ते मुळात पाण्याने पाडलेले भाग आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा घाटावरून मेहकरकडे जाते. घाटाखालचे पाणी पूर्णेला मिळते. पावसाळ्याचे चार महिने वाहून जाणारे हे पाणी अडविण्याची धडपड दोन्ही भागांत जुनी आहे. सिंदखेडराजा येथील मोती तलावाचा संबंध परंपरा जाधवरावांच्या काळाशी, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभाशी जोडते. पैनगंगेवरील येळगाव व पेनटाकळी, मोताळा तालुक्यातील नळगंगा, देऊळगाव राजाकडील खडकपूर्णा ही धरणे अलीकडच्या काळातील होत. या जलाशयांचे वर्णन करताना त्यांत पाणी किती मावते, कोणी बांधले, केव्हा बांधले, एवढ्यावर लेखक बहुधा थांबतात. भिंत उभी का राहते, हा प्रश्न अभियंत्यांचा म्हणून बाजूला ठेवला जातो. परंतु या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो बऱ्याच अंशी शब्दांचा इतिहास आहे.

आजचा अभियंता हा प्रश्न संगणकापुढे मांडतो. भिंतीची आकृती काढून झाली की प्रथम दोन भार नोंदवावयाचे असतात : एक भिंतीचे स्वतःचे वजन, म्हणजे गुरुत्वभार, दुसरा साठलेल्या पाण्याचा स्थिर जलदाब. या दोन नोंदी करावयास काही मिनिटे पुरतात. मात्र त्या तशा का करावयाच्या, आणि त्यांच्या जोडीला आणखी कोणती नोंद हवी, हे ठरावयास तीन शतकांहून अधिक काळ लागला आणि त्यासाठी मनुष्यहानीही सोसावी लागली.

मराठी भाषेने या विषयात कोणते भेद केले आहेत ते पाहणे उद्बोधक आहे. ‘धरण’ हा शब्द ‘धृ’ या धातूपासून आलेला. धरून ठेवणारे ते धरण. ‘बांध’ आणि ‘बंधारा’ यांत बांधण्याची कल्पना आहे. ‘सांडवा’ सांडण्यावरून आला. पहिले तीन शब्द भिंतीचा गुण सांगतात, चौथा तिच्या मर्यादेचा. भिंतीच्या अवयवांना शरीराचे शब्द आहेत : वरचा तो माथा, खालचा तो पाया, मातीच्या धरणाच्या आतील चिकणमातीच्या भागाला गाभा म्हणतात, आणि हा ‘गाभा’ संस्कृत ‘गर्भ’ या शब्दाचेच रूप होय. ‘भार’ हा संस्कृत ‘भृ’ धातूपासून आला, ‘वजन’ अरबीतून. पाण्याच्या बाजूला दोन शब्द आहेत, ‘दाब’ आणि ‘रेटा’, आणि या दोहोंतील भेद विशेष महत्त्वाचा आहे. दाब हा एका ठिकाणचा असतो. रेटा हा सगळ्याचा मिळून असतो. गर्दीचा रेटा म्हणतात, गर्दीचा दाब कोणी म्हणत नाही. पाठ्यपुस्तकांनी ‘एकक क्षेत्रावरील बल’ आणि ‘एकूण बल’ अशी जी फोड केली आहे, ती बोलीत आधीच झालेली होती. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत या दोन शब्दांची अदलाबदल दिसते, ती बोलीचा दोष म्हणून नव्हे, तर परिभाषेच्या नादात बोली विसरल्यामुळे.

पाण्याचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो, पाण्याच्या विस्तारावर नाही, ही गोष्ट डच गणिती सायमन स्टेव्हिन याने 1586 मध्ये मांडली. सामान्य अनुभवाला ती पटत नाही. मैलभर पसरलेला तलाव भिंतीला अधिक रेटत असला पाहिजे असे वाटते. वस्तुतः भिंतीशी 10 मीटर पाणी असेल, तर मागे एक आड असो की समुद्र, भिंतीवरील स्थिर दाब तोच. तो पाण्याच्या पृष्ठभागी शून्य असतो आणि प्रत्येक मीटर खोलीमागे दर चौरस मीटरला एक टनाने वाढत जातो. त्यामुळे 10 मीटर पाण्याचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीवर 50 टन होतो आणि 20 मीटर पाण्याचा 200 टन : खोली दुप्पट, रेटा चौपट. हा रेटा तळापासून एकतृतीयांश उंचीवर एकवटला आहे असे मानतात. म्हणून भिंत उलथविण्याची त्याची शक्ती खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वरील उदाहरणात ती आठपट होते. जाडी न वाढविता पाण्याची पातळी थोडीशी वाढविली तर काय होते, हे या घनात दडलेले आहे.

ही गोष्ट उघड्या डोळ्यांनी पाहावयाची असेल, तर बुलढाणा शहराला पाणी पुरविणाऱ्या येळगाव धरणाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे आहेत. ते गोडबोले दरवाजे या नावाने ओळखले जातात. त्यांना वीज लागत नाही, चालकही लागत नाही. दरवाजा स्वतःच्या वजनाने मिटलेला राहतो. पाणी ठरावीक पातळीवर चढले की रेट्याची उलथविण्याची शक्ती वजनाच्या धरून ठेवण्याच्या शक्तीवर मात करते आणि दरवाजा कलतो. पूर ओसरला की वजनाचे पारडे पुन्हा जड होते. दरवाजाची बिजागरी तळाशी आहे असे सोयीसाठी मानले, तर 2 मीटर पाण्यात दर मीटर लांबीवर उलथविणारी शक्ती सुमारे 1.33 टन-मीटर येते आणि 2.2 मीटरला सुमारे 1.77. पाणी एकदशांशाने चढले, शक्ती एकतृतीयांशाने वाढली. दरवाजाचे वजन मात्र तेवढेच राहिले. म्हणूनच असा दरवाजा रेंगाळत नाही, वेळ आली की उघडतो. पुण्याजवळ खडकवासल्याच्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांची यंत्रणा निराळी होती, परंतु पाण्याच्या पातळीनेच वजनाचा तोल बदलावा ही कल्पना तीच. भार आणि रेटा यांचे समीकरण कागदावर सोडविण्याऐवजी लोखंडात सोडविले, तर त्याचे रूप असे होते.

दगडी भिंतीच्या बाबतीत हे समीकरण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणी नीट मांडलेले नव्हते. भिंतीची जाडी गवंड्याच्या अनुभवाने आणि जवळच्या जुन्या भिंतीच्या मापाने ठरत असे. फ्रेंच अभियंता साझिली याने 1853 मध्ये दगडी भिंतीतील ताणांचा हिशेब प्रथम मांडला. त्यापुढील महत्त्वाचे पाऊल मुंबईच्या निमित्ताने पडले, ही गोष्ट महाराष्ट्रात असावी तितकी परिचित नाही. मुंबई नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता कॅप्टन टुलक यांनी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांचे मत मागविले, आणि त्याचे उत्तर म्हणून रँकिन यांनी दगडी धरणांच्या रचनेवरील अहवाल लिहिला. तो 1872 मध्ये प्रसिद्ध झाला. जलाशय भरलेला असताना आणि रिकामा असताना, अशा दोन्ही स्थिती तपासाव्या; दोहोंतही भिंतीच्या कोणत्याही आडव्या छेदात ओढ-ताण येता कामा नये; आणि त्यासाठी भार व रेटा यांची मिळून होणारी रेषा छेदाच्या मधल्या एकतृतीयांश भागातून जावी, हा त्याचा सारांश. दगड आणि चुना दाब सोसतात, ओढ सोसत नाहीत, हे गवंड्याला ठाऊक होतेच. रँकिन यांनी त्याला माप दिले. मुंबईसाठी पुढे बांधलेले तानसा धरण 1892 मध्ये पूर्ण झाले, तोपर्यंत हा विचार अभियंत्यांच्या अंगवळणी पडला होता.

या विचारात एक उणीव होती. पाणी भिंतीला बाहेरून रेटते, एवढेच त्यात धरले होते. पाणी भिंतीच्या आत आणि पायाखाली शिरून तिला वर उचलते, ही गोष्ट हिशेबात नव्हती, कारण तिला नाव नव्हते. फ्रान्समधील बूझे येथील दगडी धरण 1884 मध्ये पायावर थोडे सरकले. त्याची डागडुजी झाली. आणि 27 एप्रिल 1895 रोजी ते फुटून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर मोरिस लेव्ही याने नियम सुचविला की भिंतीच्या पाण्याकडील पृष्ठभागावर प्रत्येक ठिकाणी दगडातील दाब तेथील पाण्याच्या दाबाहून अधिक असावा, म्हणजे पाण्याला भेगेत शिरून पाचर मारता येणार नाही. येथून ‘उत्थापक दाब’ हा तिसरा भार धरणशास्त्रात आला. बांधकामावरचे लोक त्याला नुसते ‘उचल’ म्हणतात, आणि तो शब्द परिभाषेपेक्षा चांगला आहे. (घाटावरून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या तोंडी ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. त्या उचलीनेही पुढच्या साऱ्या हिशेबातून आधीच काही वजा झालेले असते.)

बुलढाणा जिल्ह्यातील मोठी धरणे बहुतेक मातीची आहेत. नळगंगा, पेनटाकळी व खडकपूर्णा यांच्या भिंती मातीच्या भरावाच्या आहेत. मातीच्या भिंतीत भार, रेटा आणि उचल यांचे नाते दगडी भिंतीहून गुंतागुंतीचे असते. पाणी बाहेरच्या मुरमाच्या कवचात मुरते आणि खरा रेटा आतील काळ्या, चिवट मातीच्या गाभ्यावर पडतो. मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब, ज्याला रंध्रदाब म्हणतात, तो मातीच्या वजनाचा काही भाग स्वतःकडे घेतो आणि तेवढ्याने कणांमधील घर्षण कमी होते. शिवाय रेटा हा नेहमीच शत्रू असतो असे नाही. भरलेल्या जलाशयाचे पाणी भिंतीच्या पाण्याकडील उताराला टेकूही देत असते. ते झपाट्याने खाली गेले की टेकू जातो, पण आत मुरलेले पाणी तितक्या वेगाने निघत नाही, आणि उतार घसरण्याचा धोका भरलेल्या जलाशयापेक्षा अशा वेळी अधिक असतो. बाहेरच्या दाबाची नोंद काढून टाकली पण आतला दाब तसाच ठेवावयाचा विसर पडला, तर संगणक हा धोका दाखवीतच नाही.

गुरुत्वभाराची नोंदही वाटते तितकी निरुपद्रवी नसते. मातीची भिंत थराथराने चढते. प्रत्येक थर आधीच्या, दबून बसलेल्या थरावर पडतो. म्हणून बांधकामाच्या अखेरीस सर्वांत अधिक खचलेला भाग माथ्याशी नसून उंचीच्या मध्याजवळ आढळतो. संगणकात संपूर्ण भिंत एकदम उभी करून तिच्यावर गुरुत्व एकदम लादले, तर उत्तर उलटे येते : माथा सर्वांत अधिक खचलेला दिसतो. समीकरणे बरोबर, आकडेमोड बिनचूक, आणि निष्कर्ष मात्र प्रत्यक्षात कधीही न घडलेल्या बांधकामाचा. क्लफ आणि वुडवर्ड यांनी 1967 मध्ये थरवार भार देण्याची रीत दाखवून दिली, त्यामागे हेच कारण होते. पायाच्या खडकाचे तसेच आहे. खडक आपल्या वजनाने फार पूर्वीच बसलेला असतो. त्याचे वजन नव्याने लावल्यावर येणारे खचणे हिशेबातून वगळावे लागते, त्यातील दाब मात्र ठेवावा लागतो.

संगणकाकडे हे काम आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील रे क्लफ यांनी 1960 मध्ये ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव रूढ केले. मराठीत त्याला सान्तघटक-पद्धती म्हणता येईल. अखंड भिंतीचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचा तोल स्वतंत्रपणे, पण शेजाऱ्याशी जुळवून, मांडावयाचा, ही त्यातील कल्पना. या पद्धतीचा धरणावरील आरंभीचा उपयोग अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील नॉरफोर्क धरणासाठी झाला. त्या धरणात तडा गेलेला होता. तो असताना भिंत सुरक्षित आहे काय, हा प्रश्न होता. क्लफ आणि एडवर्ड विल्सन यांनी 1962 मध्ये मांडलेल्या त्या अभ्यासात तीन भार होते : भिंतीचे वजन, पाण्याचा दाब आणि तापमानातील फरक. तेव्हापासून आजच्या कार्यप्रणालींपर्यंत पहिल्या दोन नोंदींचा क्रम बदललेला नाही.

त्या नोंदी करताना कार्यप्रणाली काय विचारते ते ध्यानी घेतले म्हणजे जुन्या इतिहासाची संगती लागते. गुरुत्वासाठी ती पदार्थाची घनता आणि गुरुत्वाची दिशा विचारते. जलदाबासाठी दोन पातळ्या विचारते : दाब शून्य असेल ती, आणि दिलेला दाब जेथे असेल ती. शून्याची पातळी म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. ती चुकून भिंतीच्या माथ्यावर धरली, तर नसलेल्या पाण्याचा रेटा येतो, आणि उंचीचे चिन्ह उलटले तर पाणी भिंतीला ढकलण्याऐवजी ओढू लागते. दाब नेहमी पृष्ठभागाला लंब असतो. भिंतीची पाण्याकडील बाजू तिरपी असेल तर त्याचा एक अंश खाली वळतो आणि भिंतीच्या वजनाला साहाय्य करतो. पाण्याची घनता सवयीने 1000 किलोग्रॅम दर घनमीटर लिहिली जाते; घाटावरच्या काळ्या रानातून येणारा गाळ तळाशी साचतो, आणि त्या गाळाचा रेटा ही वेगळी नोंद असते. उचलीसाठी मात्र कार्यप्रणाली आपण होऊन काहीच विचारीत नाही. ती नोंद करणाराने आठवणीने करावयाची असते. बूझेच्या अभियंत्यांजवळ जे नाव नव्हते, ते आज उपलब्ध आहे. परंतु जो भार कोणी नोंदविला नाही, त्याचा हिशेब होत नाही, ही स्थिती तेव्हा होती तशीच आहे.

उचलीची नोंद न केल्याने किती फरक पडतो, हे कोयनेच्या उदाहरणावरून दाखविता येईल; आणि ते उदाहरण निवडावयास आणखी एक कारण आहे. 1954 ते 1963 या काळात बांधलेले हे 103 मीटर उंचीचे धरण आज जगभरच्या संगणक-अभ्यासातील एक ठरीव नमुना झाले आहे. अबॅकस या कार्यप्रणालीच्या उदाहरणसंग्रहात त्याला स्वतंत्र स्थान आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना परिसरात मोठा भूकंप झाला, तेव्हा भिंतीशी पाण्याची खोली 91.75 मीटर होती. या खोलीचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे 4,200 टन येतो. भिंत तळाशी सुमारे 70 मीटर रुंद असून तिच्या सर्वांत उंच छेदाचे वजन दर मीटर लांबीला सुमारे साडेनऊ हजार टन भरते. वजन रेट्याच्या सव्वादोनपट झाले, म्हणून निश्चिंत राहावे असे वाटते. परंतु पायाखालील पाण्याचा दाब एका टोकाला पूर्ण आणि दुसऱ्या टोकाला शून्य धरला, पाणी काढून देणाऱ्या निचरा-छिद्रांचा लाभ मोजला नाही, तर उचल सुमारे 3,200 टन होते. वजनातील एकतृतीयांश भाग असा पाण्याच्या खाती जातो. निचरा-छिद्रे ठेवतात ती ही उचल कमी करण्यासाठीच.

कोयनेच्या भिंतीला त्या पहाटे जे तडे गेले, ते मात्र पायाशी नव्हते. तळापासून सुमारे 66 मीटर उंचीवर भिंतीच्या मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो. वरचा भाग तेथून जवळजवळ उभा जातो. त्या पातळीच्या आसपास अनेक खंडांवर आडवे तडे आढळले. रचनेच्या वेळी भूकंपाचा विचार झाला नव्हता असे नाही. त्या काळच्या रूढ रीतीप्रमाणे भिंतीच्या वजनाचा 0.05 भाग आडव्या दिशेने लावून हिशेब केलेला होता. येथेही प्रश्न नामकरणाचाच होता : भूकंप हा वजनाचा एक स्थिर अंश मानला गेला, भिंत स्वतः डोलते, आणि डोलताना तिचा माथा पायथ्यापेक्षा कितीतरी अधिक वेगाने हेलकावतो, ही गोष्ट त्या संज्ञेत मावत नव्हती. चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी 1973 मध्ये धरणातच नोंदल्या गेलेल्या भूकंपलेखाच्या आधारे या पातळीवर काँक्रीटच्या सामर्थ्याबाहेरचा ओढ-ताण येत होता हे दाखविले. पुढे भिंतीच्या मागील बाजूस आधार देऊन ती बळकट करण्यात आली.

आजही कोयनेचा नमुना संगणकावर चालविताना आरंभ भूकंपाने होत नाही. प्रथम गुरुत्वभार, मग स्थिर जलदाब, आणि भिंत त्या दोहोंखाली निवांत बसल्यावर हादरे. हा क्रम शिष्टाचार म्हणून पाळावयाचा नाही. भिंतीतील प्रत्येक बिंदूला वजनामुळे आधीच काही दाब मिळालेला असतो. हादऱ्याने येणारी ओढ प्रथम तो दाब खाऊन टाकते, आणि तो संपल्यानंतरच काँक्रीटच्या स्वतःच्या सामर्थ्याची कसोटी लागते. पहिली पायरी चुकली तर तडा भलत्याच जागी आणि भलत्याच क्षणी दिसू लागतो. पाण्याच्या डोलण्यामुळे वाढणारा दाब वेस्टरगार्ड यांच्या 1933 च्या रीतीने, भिंतीला काही जास्तीचे पाणी चिकटले आहे असे कल्पून, नंतर जोडतात.

महाराष्ट्राच्या स्मरणात भार आणि रेटा यांचा तोल सर्वांत ठळकपणे ढळला तो 12 जुलै 1961 रोजी. पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्याचा लोंढा खाली खडकवासल्याला येऊन थडकला. 1879 ची ती दगडी भिंत, माथ्यावरून पाणी वाहत असताना, काही तास उभी राहिली आणि मग भंगली. माथ्यावरून पाणी वाहणे ही स्थिती तिच्या मूळ हिशेबात नव्हती. पातळीबरोबर उलथविणारी शक्ती घनाच्या प्रमाणात चढत गेली आणि भिंतीचे वजन तेवढेच राहिले.

सिंदखेडराजाच्या मोती तलावासारख्या जुन्या कामांचा या पद्धतीने अभ्यास करावयाचा झाल्यास, संगणकापुढे बसण्यापूर्वी तीन मापे जमवावी लागतील. भिंतीच्या चिरेबंदीमागे जो भराव असेल त्याची घनता. वर्षातील निरनिराळ्या महिन्यांत पाण्याची भिंतीशी असलेली खोली. आणि भिंतीच्या आत पाणी कोणत्या उंचीपर्यंत चढते ते. पहिल्या दोन मापांना टेप, तराजू आणि पट्टी पुरते. तिसऱ्यासाठी भिंतीत नळ्या बसवाव्या लागतात. त्या कोठे बसवाव्या हे पावसाळा संपल्यावर भिंतीच्या कोरड्या बाजूला कोठे ओल धरते आणि कोणत्या सांध्यात गवत हिरवे राहते, यावरून ठरते. अशा जागा तलावाशी रोजचा संबंध असलेल्या शेतकऱ्यांना ठाऊक असतात, आणि त्यांच्याजवळ त्यांना शब्दही असतात : ‘पाझर’, ‘झिरपा’, ‘ओलावा’. या तीन शब्दांनी सांगितले जाणारे पाण्याचे प्रमाण एकसारखे नसते. नोंदवहीत ते तसेच, ज्याच्या तोंडून आले त्याच्या शब्दात उतरवून घ्यावे आणि त्याचे आकडे मागाहून करावे.